लॅब बरी की एक्स-रे?

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरचा फोन वाजायला लागतो. मी एकतीस वर्षं सरकारी रुग्णालयांच्या लॅबमध्ये काढली. त्यामुळे कणकवली-कुडाळकडचे नातेवाईक, शेजारी, एकेकाळचे पेशंट, सगळे पोराबाळांचे मार्क घेऊन माझ्याकडे येतात. यंदा तर बहिणीचाच फोन. "दादा, चेडवाक लॅबच्या कोर्साक घालू की एक्स-रेच्या? पगार खंय जास्ती गावता?" मागून भाची ओरडली, "मामा, नीट सांगा हां, फी भरूची तारीख जवळ इली."

इतकी वर्षं या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं असायचं. मुलगा असला तर एक्स-रे, मुलगी असली तर लॅब, मार्क चांगले असले तर फिजिओथेरपी. त्या उत्तरावर विश्वास ठेवून गेलेल्या काही मुलामुलींचे आजचे पगार मला माहीत आहेत, आणि ते ऐकून मला रात्री झोप लागत नाही. म्हणून या वेळी बहिणीला म्हटलं, मला आठ दिवस दे. कागद-पेन घेऊन हिशेबाला बसलो.

आधी सरकारी नोकरी. आमच्या वेळी आम्ही प्रयोगशाळा तंत्रज्ञ होतो आणि शेजारच्या खोलीतला एक्स-रेवाला क्ष-किरण तंत्रज्ञ. आता पदांची नावं प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी आणि क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी अशी झाली आहेत. सातव्या वेतन आयोगात दोघांची श्रेणी एकच, एस-१३, म्हणजे ३५,४०० ते १,१२,४००. एका रुपयाचा फरक नाही. वॉर्डातली अधिपरिचारिकाही याच श्रेणीत. महागाई भत्ता ५० टक्क्यांच्या वर गेलेला असल्यामुळे आज नव्याने रुजू होणाऱ्याचा पगार पहिल्याच महिन्यात, कपातीआधी, ५३,००० च्या पुढे जातो. घरभाडं वेगळं.

आता तेच रुग्णालय, तीच खोली, पण ऑर्डर राष्ट्रीय आरोग्य अभियानाची, म्हणजे आम्ही ज्याला एनएचएम म्हणतो त्याची. मी वर्षानुवर्षे ज्या जाहिराती वाचत आलो त्यांत लॅबवाल्याला महिना १७,०००, एक्स-रेवाल्यालाही तेवढेच, आणि साडेचार वर्षं शिकून आलेल्या फिजिओथेरपिस्टला २०,०००. जुन्या लोकांना दर वर्षी थोडी वाढ मिळते, पण सुरुवात इथून. इथेही लॅब आणि एक्स-रे यांत फरक नाहीच. दोन वर्षांची पदविका आणि साडेचार वर्षांची पदवी यांतला फरक महिन्याला ३,००० रुपयांचा. आणि एकाच टेबलावर बसून एकच काम करणाऱ्या कायम आणि कंत्राटी माणसांतला फरक मात्र तिपटीचा.

तेव्हा बहिणीच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं आहे की पगार कोर्सवर ठरत नाही. तो ठरतो तुमच्या हातात पडणाऱ्या ऑर्डरवर. खाली सही कोणाची, मुदत किती, वेतनश्रेणी लिहिली आहे की ठोक रक्कम, यावर. मला वाटतं कोकणातल्या प्रत्येक पालकाने हे समजून घ्यायला हवं, आणि त्याहून जास्त आपल्या लोकप्रतिनिधींनी.

माझ्या नोकरीतली एक रात्र सांगतो. जुलै महिना, लावणीचे दिवस. मी तेव्हा एका तालुक्याच्या रुग्णालयात होतो. रात्री साडेदहाच्या सुमाराला चाळिशीतला एक शेतकरी आणला. चार दिवसांचा ताप, डोळे लालभडक, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की पाय टेकवत नव्हता. पावसाळ्यात शेतातून उठून आलेला असा माणूस दारात दिसला की आमच्याकडे लेप्टोच (उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप) आधी मनात येतो. त्यात वीज गेलेली आणि रक्तपेशी मोजणारं यंत्र, सेल काउंटर, बंद. ड्यूटीवर कंत्राटी मुलगी होती, मी कॉलवर. मी पोचेपर्यंत तिने काम सुरूसुद्धा केलं होतं. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं रक्त द्रावणात पातळ करून न्यूबावर चेंबरमध्ये, म्हणजे पेशी मोजायच्या चौकोन आखलेल्या काचेत, भरलं, ओला कागद लावलेल्या पेट्रीडिशखाली झाकून ठेवलं, म्हणजे पेशी खाली बसतात आणि चेंबर सुकत नाही. मग आरशाच्या जुन्या मायक्रोस्कोपला इमर्जन्सी दिव्याचा उजेड देऊन मोजायला बसली. प्लेटलेट फार बारीक असतात. फोकस किंचित हलला की प्लेटलेट कुठली आणि धुळीचा कण कुठला ते कळत नाही. तिने एकदा मोजल्या, मान वर केली, काही न बोलता परत पहिल्या चौकोनापासून मोजल्या. अठरा हजार, म्हणजे धोक्याइतक्या कमी.

बाराच्या पुढे वीज आली. एक्स-रेवाल्याने झोपेतून उठून येऊन छातीचा एक्स-रे काढला. दोन्ही फुप्फुसांत पांढरे डाग. डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट हातात धरले आणि पंधरा मिनिटांत १०८ बोलावून पेशंटला गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. तो माणूस वाचला.

त्या रात्री डॉक्टरांचा निर्णय दोन कागदांवर उभा होता, एक लॅबचा, एक एक्स-रेचा. एक्स-रेवाला कायम होता. ती मुलगी अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर होती. अकरा महिने संपले की एक दिवसाचा खंड आणि पुन्हा नवी ऑर्डर. तिचा महिना त्याच्या पगाराच्या निम्म्याहूनही कमी होता. कामात काय फरक होता, हे कोणी मला समजावून सांगावं. मी तिच्या शेजारीच उभा होतो, मला तरी दिसला नाही.

कंत्राटी कर्मचाऱ्याला जे मिळतं त्याला सरकारी कागदांत मानधन म्हणतात. या शब्दाने मला फार त्रास होतो. मानधन आपण व्याख्यात्याला देतो, स्पर्धेच्या परीक्षकाला देतो. ज्याचं पोट त्या कामावर नाही, त्याने आपला वेळ दिला म्हणून मानाने दिलेली ती रक्कम. रोज सकाळी आठला लॅबचं कुलूप उघडून शंभर-सव्वाशे सुया टोचणाऱ्या बाईला मिळतो तो पगारच असतो, आणि त्याला पगार न म्हणण्याचं कारण एकच आहे. पगार म्हटलं की वेतनश्रेणी येते, बढती येते, निवृत्तीनंतरचा विचार येतो. मानधन म्हटलं की यातलं काही देणं लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१६ ला पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या खटल्यात स्पष्ट म्हटलं आहे की नियमित कर्मचाऱ्याचंच काम करणाऱ्या हंगामी, कंत्राटी माणसाला त्या पदाच्या वेतनश्रेणीतला किमान पगार तरी मिळालाच पाहिजे. यावर सरकारी बाजूचं म्हणणं ठरलेलं असतं. अभियानातली पदं योजनेतली, आकृतिबंधातली, म्हणजे मंजूर कायम पदांतली नव्हेत. योजना संपली की पदं संपली. पण हे अभियान २००५ साली सुरू झालं. ज्या योजनेत एखादी मुलगी लागते, लग्न होऊन तिची मुलं कॉलेजात जातात आणि तरी ती योजना चालूच असते, तिला तात्पुरती म्हणणं मला तरी जमत नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने १० वर्षं सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना रिक्त पदांच्या ३० टक्के जागांवर सामावून घ्यायचा निर्णय काढला. त्या निर्णयाची अंमलबजावणी व्हावी म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये याच लोकांना संपावर जावं लागलं. निर्णय झालेला असताना त्याच्यासाठी पुन्हा रस्त्यावर उतरायला लावणं, तेसुद्धा साथीच्या ऐन दिवसांत, हे कोणालाच शोभणारं नव्हतं.

आता खासगी. कोकणात बहुतेक मुलं इथेच लागतात, आणि लॅब व एक्स-रे यांच्यात खरा फरक पडतो तो इथेच.

माझ्या भाचीच्या मैत्रिणीची मोठी बहीण एका खासगी लॅबमध्ये आहे. सकाळी सहाला स्कूटीवरून वाडीवाडीत जाऊन रक्त गोळा करायचं, पेट्रोल स्वतःचं. नऊला लॅबमध्ये येऊन साखर, सीबीसी, लघवी लावायची. बाकीचे नमुने बर्फाच्या डब्यात भरून, चिठ्ठ्या चिकटवून संध्याकाळच्या गाडीने मोठ्या शहरात रवाना करायचे. रात्री आठपर्यंत रिपोर्ट पेशंटांच्या मोबाइलवर टाकत बसायचं. हातात ९,५०० रुपये, रोख. पगाराची पावती नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. रुग्णालयं आणि पॅथॉलॉजी लॅब किमान वेतनाच्या कक्षेत येतात, कुशल कामगाराचा दर वेगळा असतो, त्यावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, यातलं त्या मुलीला कोणीही सांगितलेलं नाही. तिच्या वडिलांना विचारलं तर म्हणाले, "घराजवळ आसा, सांजचा घराक येता, आनी काय व्हया?"

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे आणि मीही कधीतरी बोललो असेन. मुलीला लॅब बरी, कारण ती घराजवळ राहते. या एका समजुतीने आपल्याकडे लॅबच्या पगाराचा दर खाली पाडला. ज्या नोकरीकडे आईबाप संसाराला हातभार म्हणून बघतात, त्या नोकरीला मालक हातभाराएवढेच पैसे देतो. लॅबमध्ये मुली जास्त, म्हणून पगार कमी. पगार कमी, म्हणून मुलगे तिकडे फिरकत नाहीत.

एक्स-रेचं थोडं वेगळं आहे. नुसत्या साध्या एक्स-रेवर तालुक्याच्या गावात तितकेच तुटपुंजे पैसे मिळतात. पण तोच माणूस सीटी स्कॅन, एमआरआय शिकला की मुंबई, पुणे, गोवा आणि पुढे आखातसुद्धा त्याला मोकळं होतं. कोट्यवधीचं यंत्र घेणाऱ्याला ते रिकामं ठेवून चालत नाही, आणि ते चालवणारा हाताशी नसेल तर रोजचं नुकसान डोळ्यांना दिसतं. लॅबमधल्या माणसाचं तसं नाही. तो गेला तर दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी हजर असते. म्हणून खासगीत, आणि कोकणाबाहेर जायची तयारी असेल तर, एक्स-रे पुढे आहे. हे मी मोकळेपणाने मान्य करतो. फक्त मुंबईच्या आकड्यातून विरारकडचं खोलीभाडं, लोकलचा पास आणि गणपती-शिमग्याला गावी यायचा खर्च वजा करून मगच तो आकडा घरी सांगावा.

आणि एक्स-रेची किंमतही सांगायला हवी. किरणोत्सर्गाच्या कामावर असणाऱ्याला छातीवर टीएलडी बॅज लावावा लागतो. तो दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो आणि शरीराने किती मात्रा घेतली ते कळतं. अणुऊर्जा नियामक परिषदेची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३०. नियम चांगला आहे. पण एका खासगी ठिकाणी मी स्वतः पाहिलं आहे की बॅज टेबलाच्या खणात पडून होता आणि पोरगा लीड ॲप्रन न घालता लहान मुलाला धरून उभा होता. त्या पोराला विचारलं तर म्हणाला, ॲप्रनला चीर गेली आहे, नवा येणार आहे. कधीपासून येणार आहे, तर वर्षभर. त्याला लॅबपेक्षा दोन हजार जास्त मिळत होते. त्या दोन हजारांत काय विकत घेतलं जात होतं, हे त्याच्या घरी कोणाला माहीत नव्हतं. लॅबवाल्याच्या बोटात सुई घुसते तो धोका निदान दिसतो, लगेच कळतो, लगेच औषध सुरू करता येतं.

लॅबवाल्यांची आणखी एक वाट होती, ती २०१७ च्या डिसेंबरात अरुंद झाली. पूर्वी डीएमएलटी, म्हणजे लॅबची पदविका, केलेला हुशार मुलगा पाच-सहा वर्षं उमेदवारी करून लांजा, राजापूर, देवगडसारख्या गावात स्वतःची लॅब काढायचा. त्यातून त्याचं घर उभं राहायचं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रिपोर्टवर पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण झालेल्या डॉक्टरचीच सही हवी. पेशंटच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, आणि मी लॅबवाला असूनही त्याच बाजूचा आहे. कॅन्सरची शंका असलेल्या स्लाइडवर आमच्यासारख्याने सही करू नये. पण यानंतर गावातल्या लॅबवाल्याची मिळकत कुठून येणार, याचा विचार करण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यायला हवी होती. मालकीची वाट बंद होत असेल तर पगाराची वाट रुंद करायला हवी. तसं झालं नाही. पूर्वीचे मालक आज दुसऱ्याच्या कलेक्शन सेंटरवर नोकर आहेत.

छोट्या रुग्णालयाच्या डॉक्टरांची बाजूही मला माहीत आहे, कारण त्यांच्यातले कितीतरी माझे स्नेही आहेत. ते म्हणतात, दिवसाला आठ-दहा एक्स-रे निघतात, यंत्राचा हप्ता, वीज, देखभाल, यातून तंत्रज्ञाला पंचवीस हजार कुठून देऊ? त्यांची अडचण खोटी नाही. तालुक्याच्या गावात रुग्णालय चालवणं म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांवर वर्ष ढकलणं. पण एक गोष्ट मी त्यांना नेहमी विचारतो. बँकेचा हप्ता चुकला तर यंत्र जाईल, म्हणून तो पहिल्यांदा भरता. मग तंत्रज्ञाचा पगार कायम शेवटी, उरलं त्यातून का? यंत्राइतकाच तोही खर्चाच्या पहिल्या रकान्यात असायला हवा. ज्याला तो परवडत नाही, त्याने दोन-तीन रुग्णालयांत मिळून एक माणूस ठेवावा, पण पूर्ण पगारावर, पावतीसह.

२०२१ साली संसदेने सहाय्यक आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. आमच्यासारख्यांची कुठेतरी नोंद होणार म्हणून मला मनापासून आनंद झाला होता. त्या कायद्याने तंत्रज्ञासाठी किमान २,००० तासांचं आणि फिजिओथेरपिस्टसारख्या व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचं शिक्षण ठरवलं. तासांचा हिशेब झाला, चांगलं झालं. पण एवढे तास शिकलेल्या माणसाला किमान किती मिळावं यावर त्यात काही नाही. माझं म्हणणं असं आहे की राज्याने हे काम हातात घ्यावं. खासगी लॅब आणि एक्स-रे केंद्रांच्या नोंदणीच्या वेळी जसा जैववैद्यकीय कचऱ्याचा कागद मागतात, तसाच मागच्या वर्षभराचा, बँकेतून दिलेल्या पगाराचा तपशील मागावा. कंत्राटी जाहिरातीत ठोक रकमेऐवजी त्या पदाच्या वेतनश्रेणीतला पहिला आकडा छापावा. कोकणातल्या आमदारांनी डॉक्टरांच्या रिक्त जागांवर विधानसभेत आवाज उठवला आहे, आणि तो उठवायलाच हवा. पण डॉक्टर आला आणि रात्री प्लेटलेट मोजायला माणूस नसेल, तर तो डॉक्टरही पेशंटला बांबोळीचीच चिठ्ठी लिहून देणार. सावंतवाडी-दोडामार्गकडे २०१६ पासून माकडताप आहे, लेप्टो दर पावसाळ्यात आहे. इथे लॅबची जागा रिकामी ठेवणं किंवा अर्ध्या पैशांत भरणं याची किंमत माणसांच्या जिवाने मोजली जाते.

आठ दिवसांनी मी बहिणीला फोन केला. सांगितलं की सरकारी भरतीत नुसती बारावीनंतरची पदविका पुरत नाही, पदवी मागतात, तेव्हा वर्षभरात कागद देणाऱ्या कोर्सात पैसे घालू नका. आरोग्य विद्यापीठाचा पदवीचा कोर्स बघा, तीन वर्षं आणि वर 'इंटर्नशिप'चं एक वर्ष. भाचीला इथेच राहायचं असेल तर लॅब, बाहेर पडायची हिंमत असेल तर एक्स-रे, आणि एक्स-रे घेतला तर सीटी-एमआरआय शिकल्याशिवाय थांबायचं नाही. पण दोन्हीत ऑर्डरवरचा आकडा वाचल्याशिवाय एक दिवस कामाला जायचं नाही.

भाचीने माझ्यासमोरच एका खासगी संस्थेला फोन लावला. तिने कागदावर तीन प्रश्न लिहून ठेवले होते. संलग्नता कोणाची? सरकारी भरतीला हा कोर्स चालतो का? आणि तुमच्याकडून बाहेर पडलेल्यांपैकी किती जणांना लेखी ऑर्डर आणि बँकेत पगार मिळतो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पटापट आली. तिसऱ्याला पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही, मग बाई म्हणाल्या, "तुम्ही ऑफिसात या, समक्ष सांगतो." गुरुवारी सकाळच्या एसटीने ती जाणार आहे. मीही सोबत जातोय.